पोर्ट पंचवीस बंद

किशोरीला 'का' विचारल्याशिवाय चैन पडत नाही. मुरुडच्या कोळीवाड्यात सून होऊन आली तेव्हा मासा कापता कापता त्याने काय गिळलंय ते बघत बसायची आणि सासू वैतागायची. आता समुद्रालगत तिचा छोटासा लॉज आहे, आणि शेजारीण म्हणून मी रोज तिच्या तावडीत सापडते.

त्या दिवशी मात्र तीच अडकली होती. पुण्याच्या एका कॉलेजला उद्यासाठी अख्खा लॉज हवा होता. दुपारच्या आत ई-मेलवर होकार कळवायचा, नाहीतर ते श्रीवर्धनला जाणार. त्यांच्या मेलखाली फोन नंबर नाही. आणि कालच घेतलेल्या नव्या इंटरनेटवरून तिचा मेल काही जाईना. येत होते, जात नव्हते. यंदा मोसम तसाही थंडच होता, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिने इंटरनेटवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पोर्ट पंचवीस बंद असतं. आत यायला अडचण नाही, बाहेर जायला बंदी आहे."

ओटीवर जाळं शिवत बसलेले तिचे सासरे कान्हाबाबा हातातलं काम टाकून उठले आणि किनाऱ्याकडे चालू लागले. आम्ही फोनमध्ये गुंग.

"बंद का?" किशोरीने विचारलं.

"कोणाच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला की तो त्याच्या नकळत हजारो फालतू मेल सोडत राहतो. त्या वाटेवर पासवर्ड विचारायला कोणी नसतं. म्हणून सगळ्यांनाच बंद."

मला वाटलं, आता ही भडकणार. पण बाईसाहेब खूश. "मग पासवर्ड विचारणारी दुसरी वाट असेलच की!"

होती. पाचशे सत्त्याऐंशी. मुलीने सांगितलं तसं तिने सेटिंगमध्ये पंचवीस खोडून तो आकडा घातला, पासवर्ड दिला. मेल गेला. मलाच हायसं वाटलं.

तेवढ्यात कान्हाबाबा धापा टाकत परतले. वादळाचा बावटा लागला की बंदराची हीच रीत: होड्या आत येतात, बाहेर कोणी जायचं नाही.

"सगल्यांना सांगून आलो," ते म्हणाले. "पोर्ट बंद हाय. आपल्या पोराची, विनेशची होडी पन वर वढली."

खिडकीतून पाहिलं तर समुद्र अगदी शांत, आणि होड्या ओळीने वाळूत. त्याच वेळी कॉलेजचं उत्तर आलं: 'उद्या येतोय. कबूल केलेलं ताज्या मासळीचं जेवण तेवढं विसरू नका.'

किशोरीने ते दोनदा वाचलं.

"बाबा, पटकन जा. सगल्यांना सांगा, होड्या काढा."

"का?" कान्हाबाबांनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा तिला त्या शब्दाचा राग आला.