शनिवारी न दिसणाऱ्या खोल्या

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, आणि जिच्यापासून माझं काही लपत नाही त्या मावसबहिणीलाही नाही. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे मी काही लपवत असेन अशी शंका कोणाला येत नाही. गप्प मुलगी म्हणजे भोळी, असं लोक धरूनच चालतात. मी भोळी नव्हते. तुम्हाला सांगायचं ठरवलंय, पण कुठून सांगू?

क्लासपासून सांगते.

तुळिंजला एका औषधाच्या दुकानावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. कॉलेज नुकतंच संपलं होतं, घरोघरी ब्रॉडबँड यायला लागलं होतं. आमची सहाजणांची बॅच. वेबसाइट बनवायला शिकायचं, पण नुसती पानं नाहीत, मागे डेटाबेस असलेली. त्यासाठी सर एक फ्रेमवर्क शिकवायचे. म्हणजे तयार सांगाडा. एका टेबलात खोल्या, दुसऱ्यात मालक. ही खोली या मालकाची, एवढं एका ओळीत सांगितलं की बाकीची जोडाजोड ते आपणहून करतं. टेबलात टाकलेलं नाव पहिल्यांदा पानावर उमटलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी शेजारच्याला हाक मारून दाखवलं. मी — आपणहून. शेजारी नितेश होता.

नितेश समुद्रकाठच्या कळंबचा. तिथे सुरूच्या झाडांत त्याच्या आईच्या दोन खोल्या होत्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊन राहायची, जेवण त्याची आईच करायची; तिला आम्ही काकी म्हणायचो. नितेशला बोलायला फार आवडायचं. मी इंग्रजी शाळेतली, मोठ्याने मराठी वाचताना अडखळायचे. “मॅडमच्या मराठीला सबटायटल लावा रे,” तो म्हणायचा. बॅच हसायची. मीही हसायचे. तेवढं मी सोडून दिलं असतं — दिलं असतं का?

मग सरांनी खरं काम आणलं. कळंबच्या खोलीवाल्यांसाठी बुकिंगची साइट. गिऱ्हाइकाने तारीख टाकायची, त्या दिवशी मोकळ्या असलेल्या खोल्या दिसायच्या, एक निवडायची; मग सर त्या मालकाला फोन करून कळवणार. बुकिंगचा भाग नितेशने आणि मी मिळून करायचा होता. केला मी. दोन महिने. तो खुर्ची उलटी फिरवून बसायचा आणि विचारायचा, “झालं का गं?”

साइट दाखवायला आम्ही सगळे कळंबला गेलो, नितेशच्याच अंगणात. काकींनी मला आत बोलावून माठातलं पाणी दिलं. “पानी पी आदी, बाय. उन्हाची आलीस.” मग बशीत तळलेले बोंबील. मालक मंडळी जमली, नितेशने लॅपटॉपवर सगळं दाखवलं. छान दाखवलं, तेही सांगायला हवं. सरांनी विचारलं, “हा बुकिंगचा भाग कोणी केला?”

“मी,” नितेश म्हणाला. “हिने टायपिंग करून दिलं.”

“पोरीला टायपिंग चांगलं येतं म्हनजे,” एक मालक म्हणाले. लोक हसले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. थांबले. माझ्यासाठीच थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी बशीकडे बघत राहिले. का? भीती कोणाची होती? कोणाचीच नाही. एवढ्या माणसांत आवाज काढायची लाज वाटली, एवढंच. आणि त्या लाजेचा सगळा राग मी नितेशवर धरला.

काकींचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. दर शनिवारी स्टेशनवरून त्यांच्याकडे पाहुणे आणणारा एक रिक्षावाला तिथेच कुंपणाशी उभा होता. काकींनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, “आता तू दुसरीकडं ने माणसं. माज्या पोराने कॉम्प्युटर केलाय. आमची त्यातनं येतील.”

मी हे ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

साइट सर्व्हरवर चढवायचं काम माझ्याकडेच असायचं. आमच्या फ्रेमवर्कमध्ये एक जागा आहे — डेटाबेसात काहीही शोधण्याआधी तिथे लिहिलेलं आपोआप चालतं. पानात चूक शोधणारा माणूस तिथे सहसा जात नाही. तिथे मी एक अट घातली. तारीख शनिवारची किंवा रविवारची असेल, तर नितेशच्या आईच्या दोन खोल्या यादीत दाखवायच्या नाहीत. फक्त मालक म्हणून लॉगिन केलेलं असेल, तर दाखवायच्या. म्हणजे घरच्यांनी पाहिलं तर खोल्या जागेवर. बाहेरच्याला त्या नाहीतच.

रागाच्या भरात केलं म्हणू? नाही. दुपारचा चहा पिऊन केलं, आणि तीन वेगवेगळ्या तारखा टाकून नीट चालतंय ना ते तपासलं.

दोनच आठवडे ठेवणार होते. पण पहिल्या सोमवारी नितेश गप्प गप्प क्लासला आला आणि मला ते आवडलं. पुढच्या सोमवारी आणखी आवडलं. दिवाळी गेली, नाताळ गेला. बाकीच्यांच्या अंगणात गाड्या लागत होत्या. रिक्षावाला आता शेजारच्यांकडे माणसं उतरवत होता. काकींनी त्याला पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, मला आता तिकडे ठरवून दिलंय.

जानेवारीत नितेश माझ्याजवळ येऊन बसला. खुर्ची सरळ ठेवून. हळू आवाजात म्हणाला, “एकदा बघशील का? आमच्याकडे बुकिंग का येत नाही, मला सापडत नाहीये.” तो नेहमी घरच्या लॉगिननेच बघत होता आणि खोल्या त्याला दिसत होत्या. मी त्याच्या देखत दोन फाइल उघडल्या. अट होती ती तिसरी उघडली नाही. म्हणाले, “कोड बरोबर आहे. तुझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल.” बुकिंग आपण केलंय असं त्यानेच सांगितलं होतं. आता सरांना विचारणार तरी कसा?

पुढच्या आठवड्यात काकी स्वतः क्लासवर आल्या, माझ्यासाठी सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घेऊन. नितेश मागे उभा होता. काकींनी माझा हात धरला. “तू शिकलेली हायस, बाय. खरं सांग. घरात रोज भांडन होतंय. याला हे जमतंय का नाय? नसंल जमत तर दुसऱ्या कामाला लावते.”

त्याला जमत होतं. उशिरा का होईना, तो शिकत होता. मागच्याच आठवड्यात त्याने एक फॉर्म स्वतःचा स्वतः लिहिला होता आणि मी तो पाहिला होता.

मी म्हणाले, “नाही काकी. याला नाही जमणार.”

त्या अंगणात माझ्या तोंडून जो आवाज निघाला नव्हता, तो त्या दिवशी अगदी स्वच्छ निघाला.

नितेशने मान हलवली. वाद घातला नाही, चेष्टा केली नाही. त्याला ते पटलं. महिनाभरात तो कामणला एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागला आणि कॉम्प्युटरचं नाव पुन्हा काढलं नाही, असं सर म्हणाले. काकींनी खोल्या बंद केल्या. आता तिथे मासेमारीची जाळी ठेवतात.

ती अट काढायला मला एक मिनिट लागलं असतं. साइट आणखी वर्षभर चालली आणि तिची देखभाल मीच करत होते. मी ती काढली नाही. आणि नितेशने मान हलवली तेव्हा, काकींच्या हातात माझा हात असताना, मला बरं वाटलं होतं.