चौदा नंबरची नस्ती

नाव : रुपराव नानाजी रामटेके. वय : सेवापुस्तकाप्रमाणे एक्केचाळीस, आईच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या पुराच्या साली दोन. मूळ पद : शिपाई. सध्याचे काम : बँड पथकाच्या स्वरलिपीच्या नकला करणे (तात्पुरते, पुढील आदेशापर्यंत). शिक्षण : सातवी. वाद्य : निरंक. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग, धुतला तरी राहतो. वर्तणूक : समाधानकारक.

पुढील आदेशाची वाट १९६१ पासून पाहिली जात होती, आणि आता १९७४ चा जानेवारी उजाडला होता.

नागपूरच्या सदर भागातल्या त्या सरकारी खात्याला बँड कशाला हवा, हे खात्यात कोणालाच माहीत नव्हतं. इंग्रजांनी ठेवला होता आणि तो मोडण्याचा अर्ज कोणी केला नव्हता, एवढ्यावर तो टिकला. चौदा वादक, एक बँडमास्तर आणि रुपराव. संध्याकाळी मागच्या पटांगणात तालीम सुरू झाली की रस्त्यावरचे टांगेवाले घोड्याला थांबवून ऐकत. सवारी आत बसून शिव्या देई, तीही हळू आवाजात. सदरमध्ये तेव्हा एवढी शांतता होती की हळू दिलेली शिवीही ऐकू जायची.

रुपरावांच्या घरात वाद्याला बंदी होती. त्यांचे वडील नानाजी गावात डफ वाजवत. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं, दुसऱ्याच्या दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि मिळेल ते घेऊन यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेऊन परतल्यावर नानाजींनी पहिल्यांदा नाही म्हटलं. डफाचं लाकडी कडं चुलीत घातलं आणि त्याच जाळावर चहा केला. "आजपासून आपल्या घरात वाद्य नाई," ते मुलाला म्हणाले. "तुले पेन धरायचा हाय." मुलानं पेन धरला. चारच वर्षांत त्या पेनासकट सरकारनं त्याला बँडच्या कामाला लावलं.

"मी जाळला तो डफ तू कागदावर उचलला गा," नानाजी म्हणाले. पण शेजाऱ्यांना मात्र ते सांगत, आमचा रुपराव हापिसात लिहून राहिला.

लिहायला लावलं ते ताराचंद मास्तरांनी. मास्तरांना इंग्रजी नोटेशन वाचता येई, वादकांना येत नसे. शिपाई रुपरावचं अक्षर त्यांनी टपालाच्या वहीत पाहिलं आणि त्याला समोर बसवलं. मास्तर गात, रुपराव सारेगम लिहीत. एक मूळ प्रत, मग प्रत्येक वादकाला एक नक्कल. जिथे सगळ्यांनी एक मात्रा थांबायचं तिथे छोटं शून्य. "जहाँ शून्य, वहाँ मुँह बंद," मास्तर म्हणत. कागद सरकारी आणि मोजका, म्हणून रुपराव पानाच्या दोन्ही बाजू काठापर्यंत भरत. मग घरी बायको, कौसल्या, गोधडीच्या सुईनं ती पानं शिवून देई. अशा अकरा वर्षांत शंभरावर चाली झाल्या. रुपरावांना त्यांतली एकही वाजवता येत नव्हती आणि सगळ्या पाठ होत्या, म्हणजे डोळ्यांना पाठ होत्या.

बहात्तरला ताराचंद मास्तर निवृत्त होऊन प्रताप नगरकडे राहायला गेले. त्यांच्याबरोबर सहा जुने वादकही निवृत्त झाले. नवे सहा आले, आणि पुण्याहून श्रीधर मास्तर आले. ते गात नसत. कागद आहे ना, मग कागद वाचा, असं त्यांचं म्हणणं. त्र्याहत्तरच्या डिसेंबरात अधीक्षकांचं परिपत्रक निघालं : स्वरलिपीचे सर्व कागद शासकीय दस्तऐवज असल्याने सुईदोरा तात्काळ काढून, पंच करून, टॅग लावून, क्रमांकित नस्तीत ठेवावेत. अभिलेख कक्षात दोन दिवस पंच कडकडत होता.

सव्वीस जानेवारीच्या संचलनाची सुरुवात चौदा नंबरच्या नस्तीनं व्हायची होती. एक संथ इंग्रजी चाल, नव्या सहांनी अजून न वाजवलेली. तिचं नाव केव्हाच हरवलं होतं, नंबर राहिला होता. नव्या वर्षाच्या पहिल्या तालमीत ती नस्ती उघडली. दोन ओळी सरळ गेल्या. तिसरीत लांब सूर, मग चौथीत ढोलांचा गडगडाट, तोही गेला. पाचव्या ओळीत ढोल थांबले आणि बँड कोसळला. क्लॅरिनेट एकीकडे, ट्रम्पेट दुसरीकडे. पुन्हा उघडली, पुन्हा पाचव्या ओळीत कोसळला. आठवडाभर हेच चाललं. बाकीच्या नस्त्या नीट वाजत होत्या.

"काहून गा रुपराव," युफोनियमवाले भैय्याजी ओरडले. ते जुन्यांपैकी. "पाचव्या ओळीत भूत बसवलं का तू?"

"भूत नाई, रामटेकेबुवांचं अक्षर हाय," नवा ट्रम्पेटवाला धोंडबा म्हणाला. "आमी तं लिवलं तेच वाजवून राहिलो."

श्रीधर मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं. "पाचव्या ओळीत चूक आहे, रामटेके. पंचवीस तारखेच्या तालमीपर्यंत सापडली नाही, तर मी तुम्हाला मूळ पदावर पाठवण्याची शिफारस करीन. टपालाच्या थैलीला सूर लागत नाहीत, तिथे तुम्हाला सोपं जाईल."

रुपरावांनी चौदा नंबरची नस्ती उचलली. त्यांना थैलीची भीती नव्हती. थैली त्यांनी चार वर्षं वाहिली होती. पण पेन काढून घेतला हे नानाजींना सांगायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या सेवापुस्तकात कुठेच बसत नव्हता.

त्यांनी पाचवी ओळ पट्टी लावून तपासली. चौदाही नकला मूळ प्रतीशी ताडून पाहिल्या, अक्षर न् अक्षर. तीन दिवस गेले. सगळं जुळत होतं. मग त्यांनी एकेका वादकाला बोलावून ती चाल एकट्याला वाजवायला लावली. चौदाच्या चौदा जण पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवून गेले, आणि जाताना प्रत्येकानं दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतलं.

मग त्यांनी दोघादोघांना बसवलं. भैय्याजी आणि जुना क्लॅरिनेटवाला : चाल पार पडली. धोंडबा आणि दुसरा नवा : पार पडली. भैय्याजी आणि धोंडबा : कोसळली. आणि आता ढोल नसल्यामुळे एक गोष्ट ऐकू आली. ती पाचव्या ओळीत कोसळत नव्हती, चौथीच्या पहिल्याच सुराला दोघं वेगळे झाले होते. एवढे दिवस ढोलांनी ते झाकलं होतं.

"तू घाई करून राहिला बे," भैय्याजी म्हणाले.

"तुमी झोपून राहिले काकाजी. कागदावर थांबा म्हणून कुठी लिवलं हाय? दाखवा."

भैय्याजींनी कागद पाहिला. खरंच लिहिलं नव्हतं. "असं कसं," ते म्हणाले. "बारा वर्षं थांबून राहिलो मी तिथं."

रविवारी रुपराव सायकलनं प्रताप नगरला गेले. तिकडे तेव्हा घरांपेक्षा तुरीची शेतं जास्त होती. ताराचंद मास्तर अंगणात ऊन खात बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांनी आधी सायकलला ओळखलं, मग माणसाला.

"आओ मुंशी. वो अपना बँड अब भी बजता है?"

"चौदा नंबर बजत नाई मास्तर."

मास्तर हसले आणि त्यांनी चाल गायला सुरुवात केली. आवाज फाटला होता, लय नव्हती फाटली. ते मांडीवर ठेका धरून गात होते. रुपराव ऐकता ऐकता तेरा वर्षं मागं गेले : पटांगणातलं कडुनिंबाचं झाड, सायंकाळी पितळेवर येणारं पिवळं ऊन, मास्तरांचा चहाचा ग्लास आणि समोर कोरा कागद. तेव्हा त्यांना वाटायचं की आपण फक्त लिहून घेत आहोत. तिसऱ्या ओळीचा लांब सूर संपला. मास्तर थांबले, डावा पाय जमिनीवर आपटला, आणि मग चौथी ओळ धरली.

"मास्तर, पाय काहून आपटला?"

"अरे, वहाँ मुँह बंद है ना. तूनेच तो लिखा था."

रुपराव चहा न घेता निघाले, आणि सोमवारी कार्यालय उघडण्याआधी अभिलेख कक्षाच्या दाराशी उभे राहिले. चौदा नंबरची मूळ प्रत काढली. पहिलं पान उलटलं. मागच्या बाजूला तिसरी ओळ काठापर्यंत गेली होती, आणि जिथे ती संपत होती तिथे पुढच्या बाजूच्या समासातून पाडलेलं टॅगचं भोक होतं. भोकाला कोण बघतं? सगळ्या नस्त्यांना भोकं असतात. त्यांनी एकेक नक्कल काढली. सगळ्या त्यांनीच, एकाच मापानं, एकाच पट्टीनं आखलेल्या. म्हणून प्रत्येकीत शून्य नेमकं एकाच जागी होतं, आणि पंचनं ते नेमकं एकाच जागी खाल्लं होतं. जुने आठ सवयीनं थांबत होते, नवे सहा कागदाप्रमाणे जात होते. नकला मूळ प्रतीशी जुळत होत्या, कारण मूळ प्रतीलाही तेच भोक होतं.

त्यांनी टेबलावरचा पंच उचलून त्याचं पोट उघडलं. आतल्या कागदाच्या टिकल्या तळहातावर ओतल्या. कोऱ्या, कोऱ्या, एकीवर अधीक्षकांच्या सहीची शेपटी, आणि मग एक, जिच्यावर निळ्या शाईचं छोटं शून्य होतं.

श्रीधर मास्तरांनी ती टिकली बराच वेळ पाहिली. ते वाईट माणूस नव्हते. फक्त नवे होते. "म्हणजे चूक तुमची नाही," ते म्हणाले.

"नाई साहेब."

"मग हे लिहायचं कसं? परिपत्रक अधीक्षकांचं आहे."

"लिहू नका साहेब. मले उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

कौसल्यानं गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. नानाजी खाटेवरून पाहत होते. मुलगा कागदाच्या बारीक चकत्या कापून पानांच्या पुढून चिकटवत होता आणि प्रत्येकीवर मागून एकेक शून्य काढत होता.

"काय करून राहिला गा?"

"थांबायची जागा भरून राहिलो."

नानाजी खाटेवर उठून बसले. "त्या जागी कोणी वाजवत नाई?"

"कोणीच नाई, बाबा."

"मंग ती नीट लिहजो," नानाजी म्हणाले, आणि कंदील मुलाच्या बाजूला सरकवला.

सव्वीस तारखेला बँड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजला. तिसऱ्या ओळीनंतर चौदा माणसं एक मात्रा गप्प राहिली. गर्दीतल्या कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. एकोणतीस तारखेला श्रीधर मास्तरांचा अहवाल गेला : "नस्ती क्रमांक १४ ची तपासणी करण्यात आली. नस्तीत कोणताही दोष आढळून आला नाही. सबब नकलनवीस श्री. रामटेके यांना मूळ पदावर पाठवण्याचे प्रयोजन नाही."

नस्तीत पंधरा ठिगळं आहेत, नकलांची चौदा आणि मूळ प्रतीचं एक.