एका दमातला कुपा

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर माझी आई मासे विकते. तिथे एक अनोळखी बाई आठवडाभर रोज येत होती. कुप्याच्या, म्हणजे ट्यूना माशांच्या, पाटीसमोर नाक दाबून, दम रोखून उभी राहायची. भाल्याने मासेमारी शिकत होती. म्हणाली, "पाण्याखाली एवढाच वेळ मिळतो. जाळ्यातला मासा परत सोडता येतो, भाला लागलेला नाही. आधी ओळखायचा, मगच मारायचा."

मला चेवच आला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, तीही प्राणिशास्त्रातली. मी मासा उचलून धरायची, ती दम रोखून बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे पोटावर काळे ठिपके असलेला कुपा, दोन म्हणजे लांब शेपटीचा. एकदाही चुकली नाही.

"सोड गं बाय दम, मासा कवाच मेलाय," आई हसायची.

ती भाला घेऊन बेटांवर जाणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम ठिपके पुसट झालेलं पिल्लू धरलं. तिचा चेहरा लाल झाला. बोट काही वर होईना. शेवटी दम सोडून ती म्हणाली, "नाही ओळखू येत. जाऊ दे त्याला."

"म्हंजे नापास?" आईने विचारलं.

"नाही गं आई," त्या बाईला टाळी देत मी म्हटलं, "आजच तर पास झाली."