मामा, चिन्नोर आणि बँकेची कात्री

माझ्या मोठ्या मामांइतका बँकेवर मनापासून चिडलेला माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. माणसं पावसावर चिडतात, जावयावर चिडतात, उशिरा येणाऱ्या एसटीवर चिडतात. मामांनी आपला सगळा राग एका शब्दासाठी राखून ठेवला होता, आणि तो शब्द म्हणजे कमिशन. लाखनीला हमरस्त्याला लागून त्यांचं घर होतं. दिवसभर समोरून ट्रक धडधडत जायचे, त्यांच्याकडे मामा ढुंकून पाहायचे नाहीत. पण ओसरीवर कुणी 'कमिशन' म्हटलं की ते ताठ व्हायचे, धोतराचा सोगा सावरायचे आणि बोलणारा कोण आहे हे न बघता त्यालाच धारेवर धरायचे. "पैसे माहे, देनार मी, घेनार तो. मंग हा मधातला कोन होय?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर त्यांना शेवटपर्यंत कुणी दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडेही ते नाही.

मामांचा जन्म धानात गेला होता. खळ्यावर धान निघालं की सुताराचं सुताराला, न्हाव्याचं न्हाव्याला, मोजून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. देणारा समोर, घेणारा समोर, मध्ये फक्त माप. माप कधी धान खात नाही, असं ते म्हणत. त्यामुळे मनीऑर्डर या प्रकाराकडे ते चोरी म्हणूनच पाहत. मी नागपूरला इंजिनिअरिंगला होतो त्या चार वर्षांत त्यांनी मला एकही मनीऑर्डर केली नाही. महिन्याचे पैसे तांदळाच्या पिशवीत पुरून ती पिशवी नागपूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायची, ही त्यांची पद्धत. एकदा पिशवी आली सोमवारी आणि 'तांदळात शंभराची नोट आहे' असं सांगणारं कार्ड आलं मंगळवारी. मधल्या वेळात पिशवी मी मेसच्या आचाऱ्याला देऊन बसलो होतो. नोट भातात शिजली. मी ती पंख्याखाली वाळवली आणि संतापून मामांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "शिजली त शिजली. पुरी आली न?"

पैसा सोडताना मामांचा चेहरा एकाच जागी उजळलेला मी पाहिला आहे. भंडाऱ्याला जाताना कारध्याला वैनगंगेचा पूल लागला की ते कोपरीच्या खिशातून चार आणे काढायचे, खिडकीतून हात बाहेर घालायचे आणि नाणं पाण्यात पडेपर्यंत मान वळवून पाहत राहायचे. इतके कंजूस मामा नदीला बरे पैसे देतात, असं मी एकदा चिडवलं. ते म्हणाले, "हे माय पुरे चार आने घेते. हिच्या अन् माह्या मधात कोनी नाही."

अशा माणसावर मला परदेशात सांभाळायची पाळी आली. माझे वडील शाळामास्तर, त्यांच्या पगारात घर जेमतेम चालायचं. पाणीपुरवठ्याच्या शिक्षणासाठी मला इंग्लंडची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. शिष्यवृत्तीत फी आणि खोली भागत होती. जेवण आणि पुस्तकं घरच्या पैशांतून करायची होती. मामांनी धानाच्या शेतातल्या दोन बांध्या विकल्या आणि कुणाला बोलू दिलं नाही. तीन महिन्यांतून एकदा ड्राफ्ट पाठवायचा, असं ठरलं.

पहिला ड्राफ्ट आला. भंडाऱ्याच्या बँकेनं कमिशन घेतलं होतं, मुंबईच्या शाखेनं टपालखर्च लावला होता, तिथल्या बँकेनं परदेशी ड्राफ्ट वटवण्याचे वेगळे कापले होते. तो वटायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात माझ्या खात्यातली शिल्लक ठरावीक रकमेच्या खाली गेली, म्हणून प्रत्येक चेकमागे आणखी पैसे कापले गेले. बँकेनं मला एक प्लास्टिकचं कार्डही दिलं होतं. ते भिंतीतल्या यंत्रात घातलं की नोटा बाहेर यायच्या. मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं, पण शिल्लक कमी असताना तेही फुकट नव्हतं. असंच चाललं तर वर्ष संपायच्या आत शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी मामांना सगळं कळवलं. पत्र कोरडं वाटू नये म्हणून थंडीचं आणि बर्फाचंही थोडं वर्णन केलं.

उत्तर आलं ते असं. "अनेक आशीर्वाद. थंडीचे वर्णन कळले. त्याला पैसे पडत नाहीत. भिंतीतून नोटा निघतात हेही कळले. भिंत किती कापते ते लिहिले नाही. ज्याच्यापाशी कमी आहे त्याच्याकडूनच जास्त कापायचे, हा कोणत्या देशाचा न्याय आहे ते तिथल्या साहेबाला विचारून कळवावे." खाली सही. प्रकृती कशी आहे, जेवतोस का, आठवण येते का, काही नाही. मला असा राग आला की यापुढे मामांना फक्त आकडे लिहायचे असं मी ठरवून टाकलं. परत येईपर्यंत मी तसंच केलं. ड्राफ्ट मिळाला, एवढे कापले, एवढे उरले, साष्टांग नमस्कार.

माझं ते तक्रारीचं पत्र मिळाल्यावर मामा भंडाऱ्याच्या बँकेत गेले होते. ती हकीकत मामीनं मला नंतर सांगितली. मॅनेजर पुण्याकडचे, बिचारे सभ्य गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"चहा नोको," मामा म्हणाले. "याचे बी कापसान."

"अहो काका, नियमच आहे तो."

"नियम कोनाचा?"

"बँकेचा."

"मंग बँकेनं पारावा. मी काहून पैसे भरू?"

मॅनेजरनी तासभर समजावलं. मामांनी तासभर ऐकलं आणि जाताना म्हणाले, "साहेब, तुमी मानूस चांगले हा. तुमाले कामच खराब भेटलं."

आणि मग त्यांनी तो तोडगा काढला. तो आठवला की आजही माझे कान तापतात. माझ्याच इमारतीत नागपूरच्या धरमपेठेतला वासुदेव नावाचा मुलगा राहत होता. तो दोघांपुरतं शिजवायचा आणि एकटा जेवायचा, हे मी कधीतरी वडिलांना लिहिलं होतं. मामांनी तेवढं वाक्य उचललं. पुढच्या महिन्यात पंधरा किलो चिन्नोर तांदूळ घेऊन ते वासुदेवच्या आईच्या दारात हजर झाले. इकडे मला पत्र आलं. "वासुदेवच्या घरी दर महिन्याला तांदूळ पोचेल. त्याने तुला संध्याकाळचे जेवू घालावे. बोलणे झाले आहे. बँकेला सांगू नये."

म्हणजे मी, इंग्लंडात शिकणारा इंजिनिअर, खळ्यावरच्या न्हाव्यासारखा धानाच्या मापात बांधला गेलो होतो! मला विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. मी तणतणत वासुदेवकडे गेलो तर त्याच्या हातात त्याच्या आईचं पत्र होतं आणि तो हसून हसून बेजार झाला होता. "आई म्हणते, असा वासाचा तांदूळ तिनं जन्मात पाह्यला नाही. बस, जेव. तुझा भात तिकडे शिजून राहिला." मी आठ दिवस रागानं गेलो नाही. नवव्या दिवशी पावाला कंटाळून गेलो, आणि मग परत येईपर्यंत रोज संध्याकाळी गेलो. दुपारी काहीतरी स्वस्त खायचं, संध्याकाळी वासुदेवचा भात. खात्यातली शिल्लक पुन्हा कधी त्या रेषेखाली गेली नाही, चेकमागचे पैसे कापणं थांबलं आणि माझं शिक्षण पुरं झालं. हे सगळं मामांच्या तांदळानं झालं, हे मला कळत होतं. तरी राग गेला नव्हता. हिशोबापलीकडे या माणसाला काही दिसत नाही, असंच मला वाटत होतं.

परत आल्यावर वासुदेवनं दिलेला स्वेटर घेऊन मी आधी धरमपेठेत त्याच्या आईकडे गेलो. त्यांनी मला पुढ्यात बसवून जेवायला वाढलं आणि मामांचं कौतुक सुरू केलं. दर महिन्याला यायचे म्हणाल्या, पोतं खांद्यावर घेऊन. मी मनातल्या मनात हिशोब केला आणि घास तसाच हातात राहिला. लाखनी ते नागपूर येण्याजाण्याचं एसटीचं भाडं, पोत्याचं वेगळं तिकीट, स्टँडपासून सायकलरिक्षा. अशा तीन खेपा म्हणजे एका ड्राफ्टवर बँका मिळून जेवढं कापायच्या त्यापेक्षा जास्त! तांदळाची किंमत तर मी धरलीच नव्हती.

"मी म्हटलं त्यांना," वासुदेवच्या आई सांगत होत्या, "भाऊ, तीन महिन्यांचा एकदम टाकून द्या ना, कशाला दर वेळी त्रास? तर म्हणाले, किडे लागतील. नव्या तांदळाला कुठले रे किडे लागतात? पोतं ठेवलं की तिथं त्या पाटावर बसायचे आणि म्हणायचे, बाई, वासुदेवचं पत्र वाचा न. आमच्या वासूला लिहायची भारी हौस. त्यात तुझं काही ना काही असायचंच. तू बर्फात घसरून पडलास ते, तुला पेपरात चांगले मार्क मिळाले ते. तुझं नाव आलं की दुसऱ्यांदा वाचायला लावायचे. तू तापानं पडला होतास ना, त्या महिन्यात तर दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा तांदूळही नव्हता बरोबर."

माझ्या तापाविषयी मी मामांना एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या पंधरवड्यात मी त्यांना कळवले होते ते फक्त कापलेले पैसे.

लाखनीला पोचलो तर मामा ओसरीवरच होते. मी पाया पडलो आणि राहवलं नाही म्हणून सरळ विचारलं, "मामा, एसटीला बँकेपेक्षा जास्त पैसे गेले. तुम्हाला हिशोब आला नाही असं तर होणार नाही."

मामा भडकले. मला वाटलं होतं ओशाळतील, पण ते खरोखर भडकले. "येष्टी पैसे घेते त मले तिथपर्यंत नेते न! बँक मले कोठी नेते? तू त पत्रात आकडे लिहून धाडत होता. आकड्यात मानूस दिसते का?" मग सोगा सावरत हळू आवाजात म्हणाले, "मले काय मालूम तू जेवते का नाही."

मामी आतून म्हणाली, "आता पोराले पानी त पिऊ द्या."

आठ दिवसांनी नोकरीवर रुजू व्हायला निघालो तेव्हा मामा भंडाऱ्यापर्यंत सोडायला आले. कारध्याचा पूल आला. त्यांनी खिशातून चार आणे काढून नदीत टाकले आणि मग आणखी एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "टाक. तुया तापाच्या वेळी मायले बोललो होतो, वापस आला का त्याच्याच हातानं देतो मनून."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना एक लांब पत्र लिहायचं माझं राहून गेलं, थंडीचं आणि बर्फाचं, जेवल्याचं आणि आठवणीचं, एकही आकडा नसलेलं. कारध्याच्या पुलावरून जाताना मी अजून खिडकीतून हात बाहेर काढतो. नाणं पाण्यात पडेपर्यंत मान वळवून पाहतो. ते त्यांच्यापर्यंत पोचत असेल तर पुरं पोचत असेल, कारण मधात कोणी नाही.