मासा साफ करू नका

“मावशी, साफ करू नका. तसाच द्या.” असं म्हणणारं माझ्याकडे एकच गिऱ्हाईक होतं. बाकी सगळ्या ठाण्याला मासा कापून, धुऊन हवा असायचा.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेतली नोकरी सोडून ते पेपरात प्राण्यांवर, झाडांवर लिहायचे, वाचनालयांत भाषणं द्यायचे. स्वतः शाकाहारी. लेख पाठवायच्या आधी माझ्या पाटीसमोर उकिडवे बसून वाचून दाखवायचे. मी चौथी शिकलेली. “नाही कळलं” म्हटलं की तिथल्या तिथे खोडायचे. “तुम्हाला कळलं की ठाण्याला कळलं.” मागे गिऱ्हाईक ताटकळायचं. तुम्ही बाजारात पाहिलं असतंत तर वाटलं असतं, हा माणूस रोज कोळणीशी भांडायला येतो.

एकदा सकाळीच जिताडा घेऊन गेले. संध्याकाळी वाचनालयात त्याचं पोट उघडून दाखवणार होते. दिवसभर मासा पिशवीत, पिशवी खुंटीला. घरात कधी मासा शिजला असता तर बर्फ आठवला असता! पोट उघडलं आणि बायका नाकाला पदर लावून उठल्या. हॉल रिकामा.

दुसऱ्या दिवशी तोंड उतरवून आले. “वाचनालयाचे चिटणीस म्हणतात, पुढचा रविवार शेवटचा. पुन्हा असं झालं तर भाषणं बंद.”

“लेख आहेत की.”

“लेखात लोक भेळ बांधतात, मावशी. समोर बसलेलं माणूस गेलं तर मी सांगू कुणाला?”

“रडू नका. मासा मी आणते.”

रविवारी मी बर्फातला जिताडा आणि कोयता घेऊन वाचनालयात गेले. मी कापत होते, मास्तर सांगत होते. कल्ले उचलून म्हणाले, “हा यांनीच श्वास घेतो.” मग खाली बोट ठेवलं. “इथे हळू.” शेंगदाण्याएवढं लाल काहीतरी निघालं. “हे याचं हृदय.” जन्मभर मी ते घाणीबरोबर फेकत आले होते.

बायका पुढे सरकल्या. चिटणीसही वाकले. “मावशी, आता याचं कालवण होईल का?”

“आधी नीट बघा, मग खा.”

मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले. भाषणं चालू राहिली.

पुढे ते कळव्याला मुलीकडे राहायला गेले, तिथेच वारले. वाचनालयात सभा झाली. मोठी माणसं मोठं मोठं बोलली. मला काही कळलं नाही. मास्तर असते तर सगळं खोडलं असतं.

अजूनही मासा कापताना कल्ल्यांखाली कोयता थांबतो.

“काय झालं, मावशी?” गिऱ्हाईक विचारतं.

“काही नाही. काळीज आहे,” म्हणते. एकदा बघते आणि फेकते.