शनिवारी निवळणारी विहीर

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पण निरपराध माणसाला आरोपी करण्याच्या इतक्या जवळ मी उभ्या नोकरीत दुसऱ्यांदा गेलो नाही.

मीरा-भाईंदरच्या किनारपट्टीवरच्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. एका गुरुवारी पाली या कोळ्यांच्या गावातले आठ-दहा जण तक्रार अर्ज घेऊन आले. गल्लीतल्या एका खासगी विहिरीचं पाणी पिवळट झालं होतं, उग्र वास येत होता, लहान मुलांच्या अंगावर चट्टे उठले होते. नळाचं पाणी पुरत नसल्यामुळे अख्खी गल्ली त्याच विहिरीवर होती. विहीर ज्याच्या अंगणात, तो मनुष्य बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. ऑइल आणि डिझेल तोच विहिरीत सोडतो, असा अर्जाचा रोख होता.

मी त्याला काम बंद ठेवायला सांगितलं. शनिवारी पाण्याचा नमुना घ्यायला लावला, तर बाटलीतलं पाणी नितळ! गावाला आणखी काय पाहिजे? काम थांबलं आणि पाणी निवळलं. खरं सांगतो, मलाही तेच पटलं.

सोमवारी सकाळी त्याला चौकशीला बोलावलं.

"साहेब, माझी पोरं तेच पाणी पितात. त्यात मी डिझेल ओतीन काय?"

"मग तुझं काम थांबल्यावर पाणी कसं निवळलं?"

तो बोटांवर दिवस मोजू लागला. खोटं बोलणाऱ्याकडे उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. हा मात्र खरोखरच विचार करत होता. ते माझ्या नजरेत आलं, तरीही मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

एवढ्यात त्याची बायको आत शिरली. कमरेवर तांब्याचा हंडा. ठाणे अंमलदार "ताई, थांबा" म्हणेपर्यंत तिने तो माझ्या टेबलावर ठेवला.

"बघा, साहेब. काल सांजच्याला पाणी भरून ठेवलेला. सकाळी वतून दिला, तर आतून असा दिसतोय."

मी वाकून पाहिलं. गळ्याजवळ तांबं काळपट होतं. पाणी होतं तिथपर्यंत मात्र चिंचेने घासल्यासारखं चकचकीत! मधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

"ऑइलनी भांडा घासून निघतो काय? आनी माझ्या घरवाल्यानी गुरुवारपासनं पान्याला हात लावलेला न्हाय. मंग वास परत कसा आला?"

"परत आलाय?"

"काल दुपारपासनं. दर शनवारी पानी चांगला असतंय, रईवारपासनं परत तेच. दोन म्हैने मी बघतेय. पन मला कोन इचारतंय?"

मी कागद पुढे ओढून तारीख पाहिली. मी नमुना नेमका शनिवारीच घेतला होता.

ऑइल पाण्यावर तरंगतं, ते तांबं उजळवत नाही. तांबं उजळवतं ते ॲसिड. ते जमिनीत मुरत विहिरीपर्यंत यायला एखादा दिवस लागणारच. शनिवारी पाणी निवळतं, म्हणजे शुक्रवारी ॲसिड सोडणारा हात थांबत असणार. कोळीवाड्याची सुट्टी रविवारची. शुक्रवारची सुट्टी असते ती आमच्या भागात कारखान्यांना.

मी दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांना विचारलं, "पालीच्या आसपास शुक्रवारी कोण सुट्टी घेतं?"

ते जवळजवळ ओरडलेच, "सर, वरच्या उतारावर स्टीलच्या भांड्यांचं गोडाऊन आहे ना! तिथले कामगार शुक्रवारी मैदानात क्रिकेट खेळतात!"

दुपारी पंच, पालिकेचा माणूस आणि प्रदूषण खात्याचे अधिकारी घेऊन आम्ही तिथे पोचलो. नावाला गोदाम. आत भांडी ॲसिडमध्ये बुडवून साफ करण्याचा बेकायदा धंदा जोरात चालला होता. कामगारांची बोटं पिवळी पडलेली. मालक मीरा रोडच्या पूनम सागरहून धावत आला आणि फाइल उघडून बसला.

"बोअरवेल का परमिशन है, साहब. पूरा कागज देख लो."

कागद खरा होता. बोअर मारायला परवानगी लागते, ती त्याने घेतली होती. मी म्हटलं, "ठीक आहे. मोटर चालू करा, पाणी बघू."

तो हवालदारांकडे पाहू लागला. कारण बोअरला मोटरच नव्हती. विजेची वायरसुद्धा नव्हती. होतं ते फक्त नरसाळं, आणि शेडमधून येऊन त्यात उतरणारा जाड पाइप. पाणी वर काढायच्या परवानगीवर हा माणूस ॲसिड खाली सोडत होता, गावाच्या विहिरीच्या बरोब्बर वरच्या अंगाला! हवालदारांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता.

पंचनामा झाला, नमुने सील झाले, पाइप जप्त केला. ठाण्यात मालकाने तासाभरात सगळं कबूल केलं. त्याचं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. "जमीन के अंदर जाता है, साहब. किसको दिखता है?"

संध्याकाळी मी स्वतः पालीला गेलो आणि अर्ज देणाऱ्यांसमोर त्या मेकॅनिकची माफी मागितली. त्याने मला बसायला खुर्ची पुढे केली. त्याची बायको म्हणाली, "चाय घ्या. पानी टँकरचा हाय, घाबरू नका." सगळी गल्ली हसली, मीही हसलो.

पुढे खटला उभा राहिला, शिक्षाही झाली. पण विहीर पिण्याजोगी व्हायला तीन पावसाळे गेले. चोरीचा माल आम्ही जप्त करून मालकाला परत देतो. जमिनीखाली नासलेलं पाणी असं कुणाला परत देता येत नाही. म्हणून विहिरी आणि बोअरचे नियम मला नंतर कधी कारकुनी वाटले नाहीत. परवानगीचा कागद पाहिला की मी आधी जागेवर जाऊन पाइपाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायचो.

आणि तपासापुरतं बोलायचं, तर दोन महिने रोज त्या विहिरीत वाकून पाहणारी साक्षीदार ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होती. तिचा जबाब मी सगळ्यात शेवटी घेतला. तोही तिने स्वतः येऊन दिला म्हणून.