वायर मीच बांधली

लासुर्ण्याच्या फाट्यावर गाड्यांचं वायरिंग करणारा तो गडी सदा दमलेलाच. बोलतानाही मधेच डोळे मिटायचा. आमची टोमॅटो भरलेली पिकअप बाजाराला निघालेली, अन् सारखी बंद पडायची. इंजनाचे फेरे मोजणारा नवा क्रँक सेन्सर टाकला तरी तेच. हा बॉनेटखाली वाकून एकेक वायर चाचपत गेला.

“काकी, सेन्सर चांगला हाय. त्याची वायर मागच्या खेपेला मीच बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या जाड वायरीला बांधली. तिच्या करंटनं इंजनाच्या कॉम्प्युटरला सिग्नल नीट पोचत न्हाय.”

बाई गं, असं कोण कबूल करतं! सेन्सरवर ढकललं असतं तर मला काय कळणार होतं?

“मग आता?”

“सगळं उकलायचं. येळ जाईल.”

हातातला चहा तसाच ठेवून तो कामाला लागला. दुपार कलताना गाडी सुरू झाली, पण बाजार उठला होता. तरी त्याला चार शब्द सुनावायला माझं तोंडच उघडेना.